काचेची डावी कड

१९९१ साल. मी पंचवीस वर्षांचा होतो. पंचवीस वर्षांचा माणूस म्हणजे काही पोर नव्हे, त्या वयात लोकांना दोन-दोन लेकरं असतात. पण बापाच्या दुकानात, बापाच्या हाताखाली काम करणारा माणूस कितीही वर्षांचा होऊ दे, पोरच असतो. मी मोठा झालो तो त्या वर्षी, तोही एका संध्याकाळी, म्हणून ती संध्याकाळ इथं लिहून ठेवतो. मुलगी म्हणत होती, बाबा, लिहा तुम्ही, भाषा मी नीट करून देते. मी म्हटलं, नक्को. सातवीत शाळा सुटली, त्यानंतरची मराठी मी आईकडून आणि अण्णांकडून, म्हणजे बापाकडून, ऐकून शिकलो, उरलेली गल्लीनं शिकवली. जशी आली तशीच लिहिणार. ज्याला नीट मराठी पाहिजे त्यानं दुसरं काहीतरी वाचावं.

आबिड्सच्या बाजारात मोठ्या रस्त्यामागं एक गल्ली होती, तिच्यात आमचा स्टुडिओ. पुढं काऊंटर आणि काचेच्या पेटीत मांडलेले फोटो, मग मखमलीचा पडदा, पडद्याआड फोटो काढायची खोली, तिच्यामागं एक अंधारी खोली जिथं फोटो धुवायचे, आणि त्या अंधाऱ्या खोलीला लागूनच आमचं स्वैपाकघर. दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. फोटो धुवायच्या औषधाच्या आंबूस वासात लसणाची फोडणी मिसळलेली असायची. आईनं अंबाडीची भाजी टाकली की वास पार काऊंटरवर जायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "आज घर में गोंगुरा है क्या साब?" अण्णा म्हणायचे, "हौ, बैठो, खाके जाव." कुणी खाऊन जायचं नाही, पण म्हणायचे. भाकऱ्या थापल्याचा आवाज, नळाखाली धुतल्या जाणाऱ्या फोटोंचं पाणी, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि या सगळ्यात आईच्या बांगड्या. आजही कुठं नळ बारीक वाहत राहिला तर मला बांगड्या ऐकू येतात. उठून नळ बंद करतो. आवाज लगेच थांबत नाही.

अण्णांचा कॅमेरा जुना, दोन डोळ्यांचा. एकावर एक दोन भिंगं. खालच्यातून फोटो निघायचा, वरच्यातून नुसतं बघायचं. तो डोळ्याला लावत नाहीत. गळ्यात अडकवून छातीशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं, आणि मान खाली घालून आत बघायचं. आत एक चौकोनी दुधी काच, तिच्यावर समोरचं सगळं उतरलेलं. ज्यांनी ती काच बघितली नाही त्यांना कसं सांगू? विहिरीत वाकून बघितल्यावर खाली आभाळ दिसतं तसं ते चित्र दिसायचं. खरं, पण लांबचं. आणि उलटं. म्हणजे डोकं वर पाय खाली नीटच, पण उजवं डावीकडं, डावं उजवीकडं. आरशासारखं. खोलीत उजव्या हाताला उभा असलेला माणूस काचेत डाव्या कडेला दिसायचा. नवशिका त्यात गोंधळतो, मीही दोन वर्षं गोंधळलो. अण्णा म्हणायचे, "ह्या काचेत बघायला मान झुकवावी लागते बघ. समोरच्याला वाटतं, आपण त्याला नमस्कार करतोय. म्हणून त्याचा चेहरा मोकळा होतो."

खोलीत उजव्या हाताला आई उभी असायची. लाकडी चौकटीवर ताणून ठोकलेलं पांढरं मांजरपाट दोन्ही हातांनी धरून. एका बाजूनं दिव्याचा उजेड यायचा, तो त्या कापडावर आपटून गिऱ्हाइकाच्या सावलीतल्या गालावर पडायचा. हे काम माझं असायला पाहिजे होतं, पण माझा हात हलायचा. आईचा हलायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथं उभी. काचेच्या डाव्या कडेला तिच्या पदराची एक दाट पट्टी यायचीच. मग अण्णा मान वर न करता म्हणायचे, "जरा मागं." बांगड्या किणकिणायच्या, पट्टी काचेबाहेर जायची, आणि खटका पडायचा. गिऱ्हाइकाशी अण्णा त्याच्या बोलीत बोलायचे, मुसलमानाशी दखनी, तेलुगूवाल्याशी तेलुगू. 'जरा मागं' तेवढं मराठीत. शहरातल्या निम्म्या माणसांचे फोटो त्या दोन शब्दांवर निघालेत. फोटोत ती कुठंच नाही. उजेड तेवढा तिचा आहे.

आदल्या दिवाळीच्या तोंडावर आई गेली. तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

त्यानंतर घरात आम्ही दोघंच. सकाळी मी खिचडी आणि तीळ-चिंचेचा खट्टा करायचो, दुपारी तेच गार. अण्णा काही न बोलता खायचे. मीठ विसरलं तरी बोलायचे नाहीत, आणि ते मला जास्त लागायचं. चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली. मी म्हटलं, मी धरतो. ते म्हणाले, "राहू दे." फोटो एका बाजूनं काळे पडायला लागले. त्याचं कारण मला समजत होतं. पण आणखी एक व्हायला लागलं, ते समजेना. गिऱ्हाईक फोटोच्या मधोमध यायचं बंद झालं. माणूस एका कडेला दाबलेला, आणि उजवीकडं रिकामी भिंत. एक फोटो तसा, दोन तसे, मग सगळेच. मी प्रिंट करताना कडा कापून नीट करायचो, अण्णांना कळू द्यायचो नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "काच मंद झालीय." झाकण उघडून कापसानं काच पुसत बसले, तासभर. पुसली, परत आत बघितलं. परत पुसली.

ते दिवस सगळंच बदलायचे होते. आबिड्सला रोज नवी पाटी लागत होती. पूर्वी ज्या परदेशी मालाचं नाव कानात सांगायचे तो आता दुकानाच्या तोंडाशी मांडलेला. माझा शाळेतला दोस्त यादगिरी, त्यानं नामपल्लीला रंगीत फोटोंची लॅब टाकली होती, मशीन परदेशी, आत रोल घाला की बाहेर फोटो. तो मला रोज बोलवायचा. "अरे वसंता, क्या तू वो अंधेरे में बैठता रे! मेरेपास आजा. एसी है."

"अण्णांचं काय?"

"अण्णागारूकू भी लेके आ. काऊंटर पे बैठेंगे, इज्जत से."

काऊंटरवर बसलेले अण्णा माझ्या डोळ्यांपुढं आले आणि मला यादगिरीचा राग आला. पण मी नाही असंही म्हटलं नाही. दुकान चालत नव्हतं हे खरं होतं. असेच फोटो निघत राहिले तर अण्णांच्या हातून कॅमेरा जाणार, आणि कॅमेरा गेला तर त्यांच्याजवळ काय राहणार, हे मला रोज खिचडी ढवळताना दिसत होतं.

मग हाशमभाई आले. कोपऱ्यावर अत्तराचं दुकान त्यांचं. सौदीतल्या मुलाला पाठवायला नवरा-बायकोचा जोडीनं फोटो काढून घेतला होता. त्या वेळी मी लग्नाच्या कामाला बाहेर होतो, प्रिंटही अण्णांनीच केली. हाशमभाईंनी पाकिटातून फोटो काढून काऊंटरवर ठेवला. उजवीकडं अर्धा फोटो भिंत. मधे हाशमभाई. आणि डावीकडं त्यांच्या बेगम, अर्ध्याच. एक डोळा, एक कान, एक कुडी.

"क्या साब," हाशमभाई म्हणाले, "मेरी बेगमकू आधा काट दिये! दीवार पूरी है मगर. मैं बेटे को क्या लिखूँ, अम्मी आधी भेज रहा हूँ, बाकी अगले महीने?"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

"और एक बात पूछूँ क्या, बुरा नक्को मानो." हाशमभाईंचा आवाज खाली आला. "आप नीचे मुंडी डालके कुछ तो बोले. 'जरा मागं', ऐसा कुछ. मैं समझा मेरेकू बोल रहे, मैं पीछे सरका. फिर बोले, फिर सरका. बेगम मेरा हाथ पकड़ लिये. घर जाके बोले, वो साब अपने से नहीं बोल रहे थे, बाजू में किसीकू बोल रहे थे. किससे बात करते साब आप?"

अण्णांनी फोटो उचलला, उजेडात धरला, आणि परत ठेवला. "कल सुबह आव हाशमभाई," ते म्हणाले. "दोनों मिलके आव. फिर से निकालता मैं." आणि आत गेले.

मी हट्टी. मला भुताखेताचं काही ऐकायचं नव्हतं. माझं म्हणणं, दोष त्या काचेचा. उलटी काच, मंद काच, म्हातारा माणूस, चुकणारच. सरळ दिसणारा, उजेडाचा कॅमेरा दिला की झालं. मी त्याच दुपारी नामपल्लीला गेलो आणि यादगिरीकडून एका दिवसाच्या बोलीवर त्याचा नवा कॅमेरा मागून आणला. एका भिंगाचा, डोळ्याला लावायचा. भिंगातून येतं तेच दिसतं, आणि सरळ. उजवं ते उजवं, डावं ते डावं.

दिवे लागायच्या सुमारास दुकान ओढून घेतलं आणि तो अण्णांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्याला लावला, काढला.

"बोगदा आहे हा," ते म्हणाले.

"बोगदा काय अण्णा? तुमच्या काचेपेक्षा कितीतरी उजेड आहे."

"उजेड आहे. पण बोगद्याच्या टोकाला आहे. आणि नेम धरल्यासारखं वाटतं. समोरचा घाबरेल." त्यांनी खटका दाबला आणि दचकले. "हे काय? काळं झालं!"

"आतला आरसा वर जातो. एवढंसंच होतं ते, पापणी लवल्यासारखं."

"म्हणजे फोटो निघतो त्या घटकेला फोटो काढणाऱ्याला दिसत नाही?"

"नाही."

"मग तो काय कामाचा? माझ्या काचेत तर खटका पडताना पण माणूस दिसत राहतो. हसला का, डोळा मिटला का, सगळं कळतं."

यावर मी चिडलो. चिडून काय काय बोललो. तुमच्या काचेत माणूस दिसतो तर हाशमभाईंची बायको अर्धी का गेली, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि एकदम वेगळंच विचारलं. "याच्यात उजवं-डावं उलटं होत नाही ना? नक्की?"

"नाही म्हणतो ना."

त्यांनी नवा कॅमेरा स्टुलावर ठेवला. मग जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "बघ. डाव्या कडेला काय दिसतं?"

मी मान खाली घातली. भिंत. भिंतीला टेकवलेली मांजरपाटाची चौकट.

"कुणी नाही?"

"कोण असणार?"

"मला दिसते," अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा, दुधाचा हिशोब सांगावा तसा. "दिवाळीपासून. आधी वाटलं, काच मंद झाली. मग वाटलं, कडेलाच का मंद होईल? आणि नेमकी त्याच कडेला? पदर दिसत नाही, चेहरा दिसत नाही. नुसती दाट सावली, ती उभी राहायची तिथंच. 'जरा मागं' म्हटलं तर सरकत नाही. म्हणून मीच तिच्यासाठी जागा सोडतो. तिला कापायला हात होत नाही रे."

मी परत एकदा काचेची डावी कड बघितली. आईचे दिवस झाले, वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं, बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

अण्णा उठले. त्यांना शाळा माझ्याइतकीच, पण आपल्या कॅमेऱ्यातलं डावं-उजवं त्यांना पक्कं होतं. ते माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखं बोलले. "जुनी काच उलटी. तीत ती डावीकडं दिसते, म्हणजे खोलीत ती उजवीकडं आहे. तिच्या जागेवर. बरोबर?"

"बरोबर."

"नवा कॅमेरा सरळ. ती खरंच खोलीत असेल, तर याच्यात उजवीकडं दिसायला पाहिजे."

त्यांनी नवा कॅमेरा उचलला. मला वाटत होतं, हातातून काढून घ्यावा. मी भुताखेताला न मानणारा माणूस, आणि देवाशपथ सांगतो, त्या घटकेला मी मनातल्या मनात म्हणत होतो, उजवीकडं दिसू दे. आई, उजवीकडं ये.

अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. हलले नाहीत. श्वास रोखलेला, फोटो काढताना रोखायचे तसा. मग कॅमेरा तसाच डोळ्याला धरून हळूहळू वळले, पडद्याकडं, काऊंटरकडं, मग खिडकीशी जाऊन गल्लीकडं. गल्लीत स्कूटरवाला अजून किका मारत होता.

"डावीकडंच आहे," ते म्हणाले. "तिकडंही डावीकडं. रस्त्यावर पण डावीकडं."

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. डाव्या तळहातानं डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्यानं, ज्या डोळ्यानं त्यांनी आयुष्यभर दुसरा मिटून काचेत बघितलं त्यानं, माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्याच्या एका बाजूला काहीतरी शोधल्यासारखं.

"ती नाही रे वसंता," ते म्हणाले. "माझा डोळा गेलाय."

आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. लोकांनी नावं ठेवली होती, केवढा कोरडा माणूस म्हणून. त्या संध्याकाळी ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, दिव्यासमोर, फोटो काढून घ्यायला बसावं तसे, आणि रडले. डोळ्यासाठी नव्हे, हे मला तेव्हाही कळलं. डोळा गेल्याचं दुःख त्यांना रात्री जेवताना जाणवलं. तोवर ते तिच्यासाठीच रडत होते, ती आत्ता गेली असल्यासारखे.

आता माझ्याजवळ डिजिटल कॅमेरा आहे, मुलीनं घेऊन दिलेला. त्यातली खिडकी म्हणजे काच नव्हेच, एवढासा टीव्ही आहे. मी त्याला नावं ठेवतो आणि मुलगी चिडते. म्हणते, बाबा, फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच दिसतं, अजून काय पाहिजे? खरं आहे. अंधाऱ्या खोलीतसुद्धा तो उजेड करून दाखवतो. पण जिथं उजेड नाही तिथं ओढून आणलेला तो उजेड मला बघवत नाही. कोपऱ्यात मुंग्यांसारखे ठिपके वळवळतात, तिथं कुणीतरी हलतंय असं वाटतं. आणि समोरचा माणूस झटकन उठून गेला तर तो गेल्यावरही घटकाभर तिथंच दिसतो, मग फिकट ओढल्यासारखा जातो. मुलगी म्हणते, कमी उजेडात होतं तसं. असेल. जुन्या काचेत जे होतं तेच दिसायचं. यादगिरीच्या कॅमेऱ्यात ऐन घटकेला काही दिसायचं नाही. आणि याच्यात जे नाही तेही थोडा वेळ दिसतं. तिघांत बरा कोणता, मला विचाराल तर मी अण्णांच्या कॅमेऱ्याचंच नाव घेईन, पण एक सांगतो. कुठल्याही कॅमेऱ्यात डोळा घातला की समोर कोण आहे ते मी नंतर बघतो. आधी डावी कड बघतो. अजून तरी स्वच्छ आहे. अण्णांचा तो डोळ्याचा आजार बापाकडून लेकाला येतो, असं डॉक्टर म्हणतात. सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो. मुलगी आठवण करायला आली की सांगतो, घातले, जा.

अण्णांना पुढं डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते पुष्कळ वर्षं सांभाळलं. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर अण्णा आधीच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसलेले. खिचडी केली. मीठ विसरलो. "मीठ नाही," ते म्हणाले. मी मीठ दिलं. मग मी यादगिरीचा कॅमेरा त्याच्या पिशवीत घातला, चेन लावली, आणि जुना कॅमेरा खुंटीवरून काढून माझ्या गळ्यात घातला. अण्णा बघत होते.

हाशमभाई बेगमना घेऊन आले. बेगम पडद्याशी थबकल्या, खोलीभर नजर टाकली, मग नवऱ्याच्या बाजूला येऊन बसल्या. मी दिवा लावला. त्यांचा एक गाल उजेडात, एक काळा. कापड कुणी धरायचं याचा मी विचारच केला नव्हता. मागं वळून बघतो तर अण्णा भिंतीपाशी गेलेले. त्यांनी चौकट उचलली, मांजरपाटावरची धूळ हातानं झटकली, आणि आई उभी राहायची तिथं जाऊन उभे राहिले. काळ्या गालावर उजेड आला. बेगमचा चेहरा मोकळा झाला.

मी मान खाली घातली. काचेत हाशमभाई होते, बेगम पूर्ण होत्या, दोन डोळे, दोन कान, दोन कुड्या. आणि डाव्या कडेला एक दाट पट्टी होती. पांढऱ्या सदऱ्याची बाही.

"जरा मागं," मी मान वर न करता म्हणालो.

हाशमभाई जागचे हलले नाहीत. "अपनेकू नहीं बोल रहे," बेगमना हळूच म्हणाले. काचेच्या डाव्या कडेवरची बाही अर्धं पाऊल मागं सरकली, आणि मी खटका दाबला.